तिच्यासाठी घेतलेला डबा

चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांना ‘आता स्पष्ट दिसतंय का?’ असं विचारणाऱ्या माणसाला त्याच्या बायकोनं फोनवर सांगितलं, “मला इथून काहीच धड दिसत नाही हो.”

ती नर्स होती. मोठ्या कराराची नोकरी मिळाली म्हणून दूरदेशीच्या इस्पितळात गेली होती. आठ वर्षांची लेक, जिला सगळे ठकी म्हणत, बापाजवळ राहिली. चष्मेवाला ठकीचे व्हिडिओ काढून पाठवायचा, पण फोनवरून जाता जाता ते आक्रसून, पुसट होऊन पोचत.

“पुढचा दात आलाय म्हणता,” ती म्हणाली, “मला नुसता पांढरा ठिपका दिसतो.”

तिच्या धाकट्या भावाला, म्हणजे चष्मेवाल्याच्या मेहुण्याला, हे कळलं आणि त्याच्या अंगात वारं संचारलं. तो एका कचेरीत कॉम्प्युटर सांभाळायचा.

“दाजी, घरात नेटवर्क स्टोरेज बसवायचं. ठकीच्या जन्मापासूनचं सगळं त्यात. ताई तिकडं बसून हवं ते लावेल, हवं तेव्हा बघेल.”

“म्हणजे डबा.”

“डबा काय म्हणता! सर्व्हर आहे तो.”

“सगळं भरून ठेवायचं आणि लागेल तसं काढायचं. मग डबाच की.”

दोघे दुकानात गेले. मेहुण्याची नजर थेट चार डिस्कच्या काळ्याभोर ठोकळ्यावर. सबंध वस्तीचं चित्रण मावलं असतं त्यात. काउंटरमागच्या बाईंनी त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि चष्मेवाल्याला विचारलं, “बघणार कोण? आणि कशावर?”

चष्मेवाला जरा घुटमळला. “बायको. तिघीजणी एका खोलीत राहतात. टॅब आहे तिच्याकडे, काच तडकलेला. नेट सगळ्या मजल्यात वाटलेलं. कधी येतं, कधी रुसतं.”

“मग जागेपेक्षा ताकद बघा,” बाई म्हणाल्या. “व्हिडिओ पाठवतानाच तिकडच्या नेटला झेपेल असा करून देणारा हवा. नेट बरं असेल तेव्हा स्वच्छ दाखवेल, मंद झालं तर चित्र थोडं पुसट करेल, पण अडकणार नाही. हा दोन डिस्कचा घ्या. एकीवर जे असेल तेच दुसरीवर. एक बिघडली तरी काही जायचं नाही.”

“म्हणजे नंबर डोळे बघून द्यायचा,” चष्मेवाला म्हणाला, “फ्रेम बघून नाही.”

मेहुणा हिरमुसला, पण घरून बाहेर व्हिडिओ पाठवायला नेटचा वेग पुरेल का, हे त्यालाच सुचलं. त्यानं तिथल्या तिथं नेटवाल्याला फोन लावून वेग वाढवून घेतला. मग त्याचाही चेहरा खुलला.

रविवारी डबा टीव्हीशेजारी बसला. जुन्या फोनांमधलं, कॅमेऱ्यातलं, पेन ड्राइव्हमधलं सगळं त्यात ओतलं. संध्याकाळी तिचा फोन आला.

“दिसला! तिरका आलाय हो, अगदी तुमच्यासारखा,” असं म्हणून ती हसली, आणि तोच व्हिडिओ तिनं पुन्हा लावला. तो संपेपर्यंत चष्मेवाल्यानं फोन ठेवला नाही.

ती तिकडे डब्यातला कुठला व्हिडिओ बघतेय ते फोनवर दिसायची सोय मेहुण्यानं करून दिली होती. गिऱ्हाईक नसलं की चष्मेवाला हळूच बघायचा. ती नेमकं काहीतरी बघत असली की त्याला वाटायचं, घरात आहे ती, फक्त दुसऱ्या खोलीत. ठकीची पोहण्याची शर्यत त्यानं उन्हात उभं राहून, हात न हलवता टिपली होती. बायको तीच सारखी बघत असेल, असा त्याचा अंदाज. पण ती शर्यत एकदाच लागली. पुन्हा पुन्हा लागायचा तो एक बिननावाचा व्हिडिओ.

घरी येऊन त्यानं तो टीव्हीवर लावला. छत! स्वयंपाकघराचं छत आणि गरगरणारा पंखा. फोन ओट्यावर ठेवताना रेकॉर्डिंग चुकून सुरू राहिलेलं. नळाचं पाणी. ठकीचा आवाज, “बाबा, दुसरा मोजा?” त्याचा आवाज, “माझ्या डोक्यावर बघ, तिथं असेल!” मग भांडं पडलं, दोघं हसले, ठकी काहीबाही गुणगुणत निघून गेली.

“अगं, ते काय बघतेस?” त्यानं विचारलं. “चुकून आलंय ते. काढून टाकणार होतो.”

“हात नका लावू त्याला!” ती एकदम म्हणाली. मग आवाज उतरला. “बाकी सगळ्यांत तुम्ही दोघं माझ्याकडे बघून हात हलवता. आई बघ, आई बघ. पाहुणीला दाखवावं तसं. यात मला कुणी काही दाखवत नाही. मी बाजूच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालतेय आणि तुमचा गोंधळ ऐकतेय, असं वाटतं.”



दुसऱ्या दिवशी चष्मेवाल्यानं फोन मुद्दाम ओट्यावर ठेवला, रेकॉर्डिंग लावलं आणि व्हिडिओ डब्यात टाकला. तिनं लगेच पकडलं. “नाटक करू नका. मोज्यासाठी इतक्या गोडीगुलाबीनं कधी बोललात तुम्ही?”

मग तिनंच तोड काढली. रेकॉर्डिंग नको, नुसता फोन लावून ठेवायचा. इथं संध्याकाळ असते तेव्हा तिथं तिची सकाळ. बोलायचं नाही, आपापलं काम करायचं. तसा फोन लागू लागला. इकडे चष्मेवाला भाजी चिरायचा, तिकडे तिचा चहा उकळायचा, केस विंचरताना ती काही पुटपुटायची. डब्यातलं बघणं कमी झालं. घरी यायला तिची सुट्टी अजून मंजूर नव्हती. ती कधी विषय काढायची नाही, तोही विचारायचा नाही.

एकदा ठकी शाळेचं काहीतरी चिकटवत बसली होती. “बाबा, कात्री कुठाय?”

चष्मेवाला तोंड उघडणार, तेवढ्यात फोनमधून आवाज आला, “ओट्याखालचा दुसरा खण, ठके.”

ठकीनं खण ओढला. “इथं नसते आता आई. इथं वायरी आहेत.”

पलीकडे चहाच्या कपाचा आवाज थांबला. चष्मेवाल्याच्या हातातली सुरी तशीच राहिली.

“बरं,” ती म्हणाली. “मग आता कुठं काय असतं, सांग बघू मला.”

ठकीनं फोन उचलला, वरच्या खणापाशी गेली, आणि एकेक खण उघडून आईला सांगू लागली.