काचेतला शोधनिबंध

कासू स्टेशनबाहेर दर रविवारी जत्रा भरायची. देव नव्हता, पण दर्शन होतं. दिनानाथ मुळीवाल्याच्या गाळ्यात, भिंतीवर काचेच्या चौकटीत एक इंग्रजी शोधनिबंध टांगला होता. त्याला झेंडूचा हार, काचेवर हळदकुंकू. लोक आधी त्याला हात जोडत, मग मुळी घेत.

"मी नाय बोलत, सायन्स बोलतंय!" दिनानाथ काचेवर छडी आपटायचा. "इंटरनॅशनल मासिक हाय! या मुळीनं दोनशे जणांची साखर गेली. आता सुया टोचायच्या का मुळी चघळायची, तुमचं तुम्ही ठरवा."

मी पेणला कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. भगव्या कपड्यातला बुवा मला लांबून ओळखू येतो; हा पांढऱ्या कोटातला होता. मिठागरात जन्म काढलेल्या धोंडुबाईंनी त्याच्या नादाने महिनाभर इन्सुलिन बंद केलं होतं. पायाच्या करंगळीची जखम काळी पडत चालली होती. त्यांची सून सगुणा आमच्या कॉलेजात शिपाई. ती रडतच आली.

"म्याडम, सासूबाय ऐकत नाय. छापलंय म्हंजे खोटं कसं, म्हणते."

मला संताप आला. दुसऱ्याच दिवशी मी जाऊन चौकटीचा फोटो काढून आणला. मासिकाचं नाव हातभर लांब, पत्ता कुठेच नाही. आणि त्यावरच छापलेल्या तारखांप्रमाणे, निबंध मिळाल्यापासून चौथ्या दिवशी प्रसिद्ध! खरं मासिक निबंध आधी त्या विषयातल्या परक्या जाणकारांकडे तपासायला धाडतं. त्यात महिने जातात. चार दिवसांत आमच्याकडे रजेचा अर्जसुद्धा मंजूर होत नाही.

मग मीही त्या मासिकाला एक 'संशोधन' पाठवलं. पेणच्या पोह्याच्या पापडाची कृती, जडजड इंग्रजीत. तिसऱ्या दिवशी उत्तर हजर: 'परीक्षकांनी आपल्या कार्याची प्रशंसा केली आहे. फी भरा, छापतो.'

रविवारी ते पत्र मी भर गर्दीत वाचलं. दिनानाथ हसला. "म्याडम, जळता तुम्ही. माझा निबंध पापडाचा नाय!"

"मग तोही वाचू की," म्हणत मी काचेवरचं कुंकू पदराने पुसलं आणि मराठीत सांगू लागले. "जुलै-ऑगस्टमध्ये कासूच्या मिठागरात मीठ ओढणाऱ्या दोनशे कामगारांना रोज कामाच्या जागी मुळी दिली..."

"थांब गो पोरी." धोंडुबाई सगुणाच्या खांद्याला धरून पुढे आल्या. "कंच्या म्हयन्यात?"

"जुलै-ऑगस्ट. आषाढ-श्रावण."

"आषाढात मिठागर पान्याखाली असतंय. मीठ कोन ओढतंय रं दिनानाथा? खेकडे?"

गर्दी खदखदली. दिनानाथ पुटपुटला, "छपाईची चूक असंल..."

"मंग दोनशातला एक दाखव. सगले मिठागरवाले हितंच हाव."

एकही हात वर झाला नाही. ज्यांच्या नावावर शोध लागला, तेच लोक महिनोन् महिने त्या कागदाच्या पाया पडत होते. कुणी वाचून घेतला नव्हता, एवढंच.

धोंडुबाईंची करंगळी गेली, पाय वाचला. महिनाभर आधी वाचलं असतं तर करंगळीही राहिली असती, हे मला अजून टोचतं. म्हणून सांगते, कागद इंग्रजीत आहे, छापील आहे, एवढ्याने तो खरा ठरत नाही. कुणी तपासला, प्रयोग कुणावर केला, कधी केला, हे विचारा. विचारायला डिग्री लागत नाही.

करंगळीच्या ऑपरेशनच्या आधी नर्सने अंगठ्यासाठी संमतीचा कागद पुढे केला, तेव्हा धोंडुबाईंनी हात पदराखाली घेतला.

"आधी वाचून दाखव गो," त्या म्हणाल्या. "सगला."