वसंतपंचमीची ललकारी

माघ उजळला होता. पांगरगडाचे पांगरे पानं झटकून अंगभर आरक्त फुलं ल्याले होते. तळ्यावर सुवर्णवर्ण ऊन लहरत होतं, वाऱ्यात आम्रमोहराचा मंद मद होता. वसंतपंचमीचा दिवस, मध्यान्हीचा मुहूर्त, राज्याभिषेकाचा सोहळा. आणि नेमकी त्याच सकाळी प्रजेनं क्रांती केली! आता काय म्हणावं या नशिबाला?

नशीब युवराज रणधवलरावांचं. चोपन्न वर्षं ते युवराजच होते. त्यांच्या मिशा काळ्याच्या करड्या झाल्या, करड्याच्या पांढऱ्या झाल्या, आणि थोरले महाराज दर पाडव्याला म्हणत राहिले, "यंदा जरा हुशारी वाटतेय." शहाण्णवाव्या वर्षी, पौषात, ते एकदाचे गेले.

पण पांगरगडाची रीत मोठी कडक. अभिषेकाच्या मुहूर्ताआधी नव्या राजाला कुणी 'महाराज' म्हणायचं नाही. तो शब्द पहिल्यांदा उच्चारायचा चोपदारानं, आणि त्यासाठी अकरा दिवस मौन पाळून कंठ शुद्ध ठेवायचा. एकदा, निदान एकदा, तो शब्द कानी पडावा, एवढीच रणधवलरावांची आस होती. बाकी राज्य कुणीही घ्या, ते मनात म्हणत.

लोकांनी घेतलं. वेठबिगारीनं त्यांच्या पाठी मोडल्या होत्या थोरल्या महाराजांनी. फळ भोगायची पाळी आली धाकट्यांवर. सखाहरी मास्तरांच्या सभेत ठराव झाला: युवराजांच्या तोंडाला काजळी फासायची आणि गाढवावरून धिंड काढायची. गाढव भागा परटिणीचं.

तीच भागा वाड्याच्या मागच्या ओसरीत युवराजांच्या डोक्यावर मळक्या कपड्यांचं बोचकं चढवत होती. धिंड निघण्याआधी त्यांना परटाच्या वेषात पळवायचं तिनं ठरवलं होतं. या माणसानं तिला कधी अगंतुगं केलं नव्हतं.

"सरकार, मान खाली घाला की! परीट कधी असा आभाळाकडं बघत चालतो होय?"

"सवय नाही हो," युवराज कळवळून म्हणाले.

निघाले. नीलकिनारी धोतर, धूलिधूसर पाऊल, डोक्यावर बोचकं. डावा पाय जरा फरफटत होता. लहानपणी दसऱ्याच्या हत्तीवरून पडल्याची ती खूण. मागचा दरवाजा वीस पावलांवर राहिला. मग दहा. मग पाच.

त्या दरवाजाच्या देवडीत, मौन मोडू नये म्हणून वर्दळीपासून दूर, बसला होता हैबती चोपदार. ऐंशी वर्षांचा, डोळ्यांत मोतीबिंदू, ओठांवर अकरा दिवसांचं मौन. अख्ख्या गडात क्रांती झाली होती, पण मौनात बसलेल्या म्हाताऱ्याला ते सांगायचं कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. त्यानं फरफटणारं पाऊल ऐकलं. माथ्यावर तापलेलं ऊन जोखलं. मुहूर्त!

तो उठला. चांदीची काठी फरशीवर आपटली, आणि अकरा दिवस साठलेला आवाज आभाळभर झाला.

"निगा रखोऽऽ! आस्ते कदमऽऽ! पांगरगडनरेश श्रीमंत रणधवलराव महाराजऽऽ!"

झालं! पुढच्या दारची सगळी गर्दी काजळीसकट, गाढवासकट मागच्या दारी धावत आली. आली, आणि काय सांगावं, ललकारी अजून घुमत होती. पिढ्यान्पिढ्यांच्या पाठी आपोआप वाकल्या. मुजरा! समतेवर बोलत आलेले मास्तरही कमरेत वाकले. आणि मुजरा स्वीकारायला महाराजांचा हात वर गेला. बोचकं धाडकन पडलं, मळक्या चादरी चौकभर पसरल्या.

कुणीतरी फिसकन हसलं. मास्तर कानापर्यंत लाल झाले. पण महाराज मनानं तिथं नव्हतेच. त्यांच्या पांढऱ्या मिशा भिजल्या होत्या.

"म्हाराज," हैबतीनं अंधुक नजर उचलली, "आवाज पोचला का?"

"पोचला, हैबतीबाबा. साऱ्या राज्यात पोचला."

"मग आता हत्ती आणा! मिरवणूक निघू दे!"

काजळीचा डबा धरलेला हात हळूच पाठीमागे गेला. महाराजांनी मास्तरांकडे पाहिलं, मास्तरांनी गाढवाकडे. पुढचं पाऊल महाराजांनीच टाकलं. ते आपण होऊन गाढवावर बसले, तेही रीतसर, शेपटीकडे तोंड करून. राज्य चार श्वासांचं झालं होतं, आणि त्यांचं पोट भरलं होतं.

हैबतीनं चाचपडत गाढवाची पाठ धरली. "हत्ती जरा बुटका वाटतोय, म्हाराज?"

"पिल्लू आहे, बाबा."

तेवढ्यात गाढव ओरडलं. म्हाताऱ्यानं कान टवकारले. आता काय, म्हणून सारी क्रांती श्वास रोखून उभी राहिली.

"पडसं झालंय त्याला," सखाहरी मास्तर घाईघाईनं म्हणाले. "चला हैबतीबाबा, तुम्ही पुढं व्हा."

मिरवणूक निघाली. लोक हसत होते, पण तोंडावर पदर धरून, म्हाताऱ्याला ऐकू जाऊ नये म्हणून. उलटं बसलेल्या महाराजांना वाडा दिसत होता, लहान होत जाणारा. पुढे चांदीची काठी, मागे चार खूर, वर पांगऱ्यांचा लालबुंद मांडव. वेस आली, राज्य संपलं; ललकारी मात्र थांबेना, थांबेना.