लोखंड नसलेली खुर्ची

“केस… रोज कुणाचे ना कुणाचे केस. चाक फिरंल कसं?”

इस्पितळातली आया सखुबाई फरशीवर फतकल मारून चाकाच्या खुर्चीतली गुंतवळ उपसत होती, आणि प्रेमा त्या चाकाकडे बघत होती — पांढरं, प्लास्टिकचं, खेळण्यातल्यासारखं. अख्ख्या खुर्चीत लोखंडाचा खिळा नाही म्हणे; एमआरआयच्या खोलीतला चुंबक लोखंड ओढून घेतो, म्हणून ही वेगळी. पाठीवर देणगीदाराचं नाव, तळहाताएवढ्या अक्षरांत. त्याचे पाय धड असणार.

बाकावर तिचा नवरा मार्तंड बसला होता — म्हणजे बसवला होता. तिनं आणि धाकट्या दिरानं, अनिरुद्धनं, बगलेत हात घालून त्याला गाडीपासून इथवर आणलं, पाय फरशीवरून घासत, आणि अनिरुद्ध दिसेल त्याला सांगत सुटला होता, “दादांच्या पायाला जरा मुंग्या येतात, बाकी काही नाही.” कुणी विचारलं होतं? मुंग्या म्हणे. चिमटा काढला तरी कळत नाही त्या पायांना — तिनं काढून पाहिला होता, तो झोपेत असताना, आणि मग स्वतःचीच किळस…

पण देवळातली पूजा होती ना. पुजाऱ्यानं आपल्या पायांनी गाभाऱ्यात जायचं; नाही जमलं, तर पूजेचा मान चुलतघराकडे. म्हणून रोज पहाटे, देऊळ उघडायच्या आत, दोघांनी त्याला उचलून आत नेऊन ठेवायचं — ठेवायचंच, समई ठेवतात तसं — आणि शेवटचा माणूस गेला की उचलून आणायचं. त्यांच्या गावात, कुरुंद्यात, लहान लेकरालाही हे ठाऊक. गाव बाहेर खोकत थांबायचं, आतलं उरकू द्यायचं, मग तीर्थाला हात पुढे करून विचारायचं, “बरं हाय ना, गुरुजी?” हा म्हणायचा, “बरं.” भित्रा. एकजात सगळे भित्रे. आणि मी? जिथं बायकांनी पाय ठेवायचा नाही, त्या उंबऱ्यावर मी रोज माझीच ओली पावलं उमटवते, त्याची म्हणून… जरा मोठी दिसावीत म्हणून टाच रेटून.

हरीश नावाचा तंत्रज्ञ कागद घेऊन आला. “मार्तंडराव कोण? चालता येतं?”

“येतं की,” अनिरुद्ध म्हणाला. “नुसतं धरावं लागतं.”

हरीशनं तिच्याकडे पाहिलं.

“येतं,” ती म्हणाली. किती सहज आलं ते तोंडातून.

“मग खुर्ची दुसऱ्या पेशंटला देतो. किल्ल्या, मोबाईल बाहेर ठेवा अन् यांना चालवत आणा.”

“एकच हाय ही,” सखुबाई खुर्ची वळवत म्हणाली. “गेली की तासभर न्हाई यायची. मंग मला बोलू नका.”

“चला दादा,” अनिरुद्ध म्हणाला, “आठ पावलं तर आहेत.” प्रेमाचा हात सवयीनं मार्तंडच्या बगलेकडे गेला — आणि आत शिरेना. त्यानं दंड अंगाशी घट्ट आवळून धरला होता.

“बाई, थांबा,” तो सखुबाईला म्हणाला, मंत्र म्हणायच्या त्याच सपाट आवाजात. “मला चालता येत नाही. श्रावणापासून येत नाही.”

अनिरुद्ध हसायला गेला आणि अर्ध्यात थांबला. प्रेमाला वाटत आलं होतं, हे कुणीतरी बोललं की आपण सुटू… पण मार्तंड आता तिच्याकडे बघत होता, आणि त्याचं पुढचं वाक्य आपल्याविषयी, उंबऱ्यावरच्या त्या ओल्या पावलांविषयी असेल, अशी तिला भीती वाटली.