शिरस्त्राण बांधणारा बाप

सरांची वाचा गेली हे कळल्यावर सगळं कॉलेज हळहळलं, त्यांच्या जागी शिकवणाऱ्या लॅटिनवालीला मात्र बरं वाटलं. उगाच कशाला लपवा? तोंडाने तिने "अरेरे" म्हटलं, फळांची पिशवी घेऊन भेटायलाही गेली. पण सरांच्या घराकडे निघताना तिच्या अंगात असा काही हुरूप होता की विचारू नका.

त्याला कारण होतं. सर लॅटिन महाकाव्य शिकवायचे आणि त्यांची एक पद्धत होती. विद्यार्थ्याने उभं राहून उतारा खड्या आवाजात म्हणायचा आणि ओळ न् ओळ उलगडायची. लघु कुठे, गुरू कुठे, क्रियापद कुठवर अडवून धरलंय, विशेषण आपल्या नामापासून किती लांब फेकलंय, आणि का. सर टेबलावर फूटपट्टीने ठेका धरायचे. चूक झाली की पट्टी थांबायची आणि पोराने पहिल्या ओळीपासून सुरुवात करायची. काय चुकलं ते सर सांगत नसत. मग पोरगं रडो, नाहीतर तास संपो.

लॅटिनवाली तेव्हा विद्यार्थिनी होती. तिच्या वाट्याला आलेला उतारा एका म्हाताऱ्या सरदाराचा. लढाईला निघालेल्या मुलाच्या शिरस्त्राणाचा पट्टा तो हनुवटीखाली बांधतो, बस्स, एवढंच. तिचे स्वतःचे वडील त्याच आठवड्यात गेले होते. ती म्हणाली, "सर, इथे बाप रडतोय."

पट्टी थांबली. "कुठल्या शब्दात रडतोय? बोट ठेवून दाखव."

तिने ओळींवरून बोट फिरवलं. असा शब्द त्या ओळींत नव्हताच.

"तुझा बाप मेला म्हणून कवीच्या मात्रा बदलत नाहीत," सर म्हणाले. "पहिल्यापासून."

वर्ग खो खो हसला. ती तास संपेपर्यंत उभी राहिली, पहिली ओळ म्हणत आणि अडत. पुढे हट्टाने लॅटिनच शिकली, सर निवृत्त झाल्यावर त्यांच्याच खुर्चीत जाऊन बसली, पण ते हसणं काही तिच्या मनातून गेलं नाही.

आणि आता काकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोने, तिचे दोन्ही हात धरले. "तुम्हीच या हो. त्यांचं लॅटिन आम्हा अडाण्यांना काय कळणार?"

पक्षाघाताचा झटका आल्यापासून सरांच्या तोंडून धड शब्द फुटत नव्हता. स्पीच थेरपिस्ट घरी आली होती. तिचं म्हणणं, पाठ असलेलं आधी परत येतं. कविता म्हणू द्या, त्यामागून साधं बोलणंही येईल. निघता निघता ती लॅटिनवालीला बाजूला घेऊन म्हणाली, "एक पथ्य मात्र पाळा. चुकलं तरी अडवू नका. अडवलं की अशी माणसं धास्ती घेतात, मग तोंडच उघडत नाहीत."

"बरं झालं सांगितलंत," लॅटिनवाली म्हणाली.

काकू तेवढ्यात चहाचं बघायला आत गेल्या होत्या. बाहेर येऊन त्यांनी विचारलं, "काय म्हणत होत्या?"

"सराव कडक हवा म्हणाल्या."

काकूंना घाई होती ती छोटूची. छोटू म्हणजे त्यांचा एकुलता एक मुलगा. केस पिकायला आले तरी घरात छोटूच. त्यालाही सरांनी पट्टीच्या ठेक्यावर वाढवलेलं. एक दिवस तो घर सोडून गेला तो बापाशी बोलेनासाच झाला. आता तो कायमचा परदेशी चालला होता, आणि जाण्याआधी आईला भेटायला तासभर येणार होता. सर कपाटाकडे बोट दाखवून त्याचा फोटो बाहेर काढायला लावत, तो मांडीवर ठेवत आणि तोंड नुसतं उघडझाप करत. "एक वाक्य," काकू म्हणायच्या, "त्याच्याशी एक वाक्य बोलता आलं ना, की मी सुटले."

लॅटिनवालीने उतारा निवडला तो शिरस्त्राणाचाच. दुसरा कुठला निवडेल?

पहिल्या दिवशी तिने पट्टी हातात घेतली नाही. सरांनी पुस्तकावर बोट ठेवलं आणि खरोखर चमत्कार झाला. शब्द वेडेवाकडे, अर्धे गिळलेले, पण आले. तीन ओळी त्यात क्रियापदच नाही. नुसता पट्टा, बक्कल, म्हाताऱ्याची बोटं, पोराचा गळा. गुरू अक्षरामागून गुरू अक्षर, जड, काही केल्या न सरणारे. चौथ्या ओळीच्या अगदी शेवटी ते क्रियापद येतं, बांधतो, आणि पट्टा बसतो. सरांनी ते म्हटलं, आणि पोरासारखे हसले. "ल... लांबवतो," ते मराठीत म्हणाले. "बाप... वेळ... लांबवतो."

लॅटिनवालीने पुस्तकातून मान वर केली. आयुष्यभर या माणसाने त्या ओळींत बापाला डोकावू दिलं नव्हतं. आणि आज?

मग सरांनी फोटो छातीशी धरला आणि घाम गाळत, एकेक अक्षर ओढत म्हणाले, "छो... छोटू. माझं... चुकलं."

स्वयंपाकघरात नळ सुरू होता, काकूंना ऐकू गेलं नाही. ऐकलं ते लॅटिनवालीने. अस्सं! म्हणजे हे तोंड "चुकलं" म्हणू शकतं तर. पोरासाठी म्हणू शकतं. भर वर्गात उभी केलेली ती पोरगी? तिची तर आठवणसुद्धा नाही. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तिने टेबलावरची पट्टी उचलली.

"पहिल्यापासून, सर."

त्या दिवसापासून ती रोज आली. ठेका धरायची, आणि जीभ जरा घसरली की पट्टी थांबवायची. काय चुकलं ते सांगायची नाही. सर घाबरून पुस्तकात बघायचे, तिच्याकडे बघायचे, पहिल्या ओळीवर यायचे. आधी चौथ्या ओळीपर्यंत पोचणारे सर दुसरीत अडकायला लागले, मग पहिलीतच. छोटूचं वाक्य काढलं की तिथेही पट्टी थांबायची. एकदा ते हमसून रडले. काकू धावत आल्या.

"रडू द्या," लॅटिनवाली गोड आवाजात म्हणाली. "मोकळे होताहेत."

"किती करता हो आमच्यासाठी," काकू म्हणाल्या आणि डोळ्याला पदर लावला. या बाईच्या भोळेपणाला काय म्हणावं!

छोटू आला तो बॅग दाराशीच ठेवून. आईला मिठी मारली, बापासमोरच्या खुर्चीत अवघडून बसला. लॅटिनवाली खिडकीपाशी उभी होती. काकूंनीच तिला मुद्दाम थांबवून घेतलं होतं, धीराला.

"बाबा," तो म्हणाला. कितीतरी वर्षांनी म्हणाला.

सरांचं तोंड उघडलं. गळ्याच्या शिरा तट्ट फुगल्या. "छोटू," ते म्हणाले, स्वच्छ म्हणाले. काकू पुढे सरकल्या. "माझं... चा..."

जीभ घसरली आणि सर थांबले.

त्यांनी मुलाकडे पाहिलं नाही. मान वळवून लॅटिनवालीकडे पाहिलं, परवानगी मागणाऱ्या पोराच्या नजरेने. छोटूने बापाच्या गुडघ्यावर ठेवायला पुढे केलेला हात तसाच राहिला. "पुढे, सर," एवढंच म्हणायचं होतं. नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. तिला ते पक्कं ठाऊक होतं, आणि सरांच्या डोळ्यांतली ती गयावया तिला बघवतही नव्हती. तरी ती हलली नाही.

छोटूने हात मागे घेतला.

"बघ आई," तो हसला, पण कडवट. "अजून विद्यार्थ्यांकडेच बघतात. मुलाकडे बघायला यांना सवड कधी होती?"

"अरे, त्यांना बोलायचंय रे! थांब जरा!"

"आयुष्यभर थांबलोच की." त्याने बॅग उचलली आणि तो गेला.

काकू दाराला धरून रडत राहिल्या. मग त्यांनी डोळे पुसले, लॅटिनवालीचा हात हातात घेतला. "तुमच्यामुळे निदान त्याचं नाव तरी घेतलं त्यांनी. उद्या याल ना? सोडू नका हो त्यांना."

"येईन की," लॅटिनवाली म्हणाली.

सरांनी ते ऐकलं. त्यांनी चांगला हात उचलला, आपलेच ओठ चिमटीत गच्च धरले आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. त्यानंतर काकूंनी लाख विनवण्या केल्या, पण त्यांनी कधीच तोंड उघडलं नाही.