टेबलाशेजारची लोखंडी खुर्ची

आई गेल्यावर तिच्या प्रयोगशाळेतल्या लोकांनी दोन गोष्टी अगदी मनापासून केल्या. तिची लोखंडी खुर्ची आठवण म्हणून आमच्या घरी पोचवली, आणि तिने यंत्रावर लावलेल्या आकड्यांना कुणी हात लावायचा नाही, असं ठरवलं. त्यानंतर तिचा प्रयोग एकदाही जमला नाही.

मीही तिथेच काम करते, लेसर माझ्याकडे. दोन खोल्यांत दोन हिरे. प्रत्येकात एक इलेक्ट्रॉन आणि त्याच्या शेजारी एक अणुगर्भ. आधी दोन्ही इलेक्ट्रॉनांचे स्पिन, म्हणजे त्यांच्यातलं इवलंसं चुंबकपण, एकमेकांत गुंतवायचे, मग ते नातं विरायच्या आत दोन्हीकडच्या अणुगर्भांच्या हवाली करायचं. अणुगर्भ ते जास्त वेळ सांभाळतात. गुंतणं अजून होत होतं. हवाली करणं मात्र साफ बंद पडलं होतं.

आईचा या प्रयोगावरचा शोधनिबंध मागे घ्यावा लागेल, असं आमचे प्रमुख सर म्हणाले. बाई हुशारच, पण आजारपणात माणसाला हवं ते दिसतं.

"आजारी तिची फुप्फुसं होती, सर," मी म्हटलं.

घरी मावशी त्या खुर्चीत बसून शिवत होती. टाचण्या वेचायचं तिचं चुंबक हातातून निसटलं आणि खुर्चीच्या पायाला ठक्कन चिकटलं. मी बघतच राहिले. आईने सगळे आकडे याच खुर्चीवर, हिऱ्याच्या टेबलाशेजारी बसून लावले होते. त्या स्पिनना चुंबकी क्षेत्रातला एवढासा फरक खपत नाही, आणि आम्ही त्यांच्या शेजारून एवढं लोखंड उचलून आणलं होतं.

"मावशी, ऊठ."

"अगं, तिचं म्हणून एवढंच उरलंय घरात. तेही नेतेस?"

"तिचं आहे म्हणूनच नेतेय."

खुर्ची प्रयोगशाळेत परत आणली तेव्हा सरांनी विचारलं, आता निबंधावर खुर्चीचंही नाव घालायचं का. मी खुर्ची उचलली. फरशीवर पाय घासल्याचे जुने डाग होते, त्यांवर तिचे पाय नेमके टेकवले आणि प्रयोग सुरू केला. कितीतरी वेळ पडद्यावर काहीच धड दिसेना. मग दोन्ही खोल्यांतले अणुगर्भ एकमेकांशी जुळणारी उत्तरं देऊ लागले. योगायोगाने जुळावीत त्याहून खूप जास्त.

सर हळूच म्हणाले, की ही खुर्ची काढून आकडे नव्याने लावू.

"लावू ना. पण निबंध मागे जाणार नाही. खुर्ची शेजारी होती, एवढं त्यात लिहू. त्यातले आकडे आईचेच राहतील."

त्यांनी मान डोलावली आणि ते टेकायला जागा शोधू लागले. खोलीत खुर्ची एकच होती. तिच्यावर मी बसले होते, आणि उठले नाही.