माझा फोटो

मल्हारच्या फोटोला हार घातलेला मी पहिल्यांदा पाहिला तो व्हिडिओ कॉलवर. तो फोटो मल्हारचा नव्हताच. तो माझ्या नवऱ्याचा, शार्दूलचा होता.

मल्हार आमचा मित्र. इथे जर्मनीत, गेर्लिंगेनला शार्दूलच्याच ऑफिसात होता, एकटा राहायचा, आणि शनिवार-रविवार हक्कानं आमच्याकडे जेवायचा. गेल्या फेब्रुवारीत ऑल्गॉयच्या डोंगरात तो बर्फाखाली गाडला गेला. फोटोसाठी नवी जागा शोधायला भल्या पहाटे एकटाच गेला होता. शार्दूलही जाणार होता, पण यानं गजर बंद केला आणि कूस बदलून झोपला. तेव्हापासून माझा नवरा नीट झोपलेला नाही.

शार्दूल स्नोबोर्डिंग करायचा. म्हणजे धडधाकट माणसानं दोन्ही पाय एका फळीला बांधून घ्यायचे आणि स्वतःला डोंगरावरून सोडून द्यायचं. मल्हारला लहानपणापासून दमा, त्याला हे जमणारं नव्हतं. तो फोटो काढायचा, आणि काढायचा मात्र असे की बघणाऱ्यानं श्वास रोखावा. त्याचा नियम एकच होता: उडी कुठून सुरू झाली आणि कुठे संपणार, हे फोटोत दिसता कामा नये.

हार घातलेला तो फोटो त्याच्या महिनाभर आधीचा, जानेवारीतला. दोघांनी फावड्यानं बर्फाचा कमरेएवढा उंचवटा केला, मल्हार त्याच्या पुढ्यात उताणा झोपला आणि शार्दूल त्याच्या अंगावरून उड्या मारत राहिला. शार्दूलचं जॅकेट काळं. उन्हासमोर काळा माणूस म्हणजे नुसता डाग, असं म्हणून मल्हारनं स्वतःचं नारिंगी जॅकेट काढून त्याला चढवायला लावलं. मग घरी येऊन आमच्या जेवणाच्या टेबलावर तो आठवडाभर त्या फोटोला बसला. कोपऱ्यातली, डोंगरावर नेणाऱ्या लिफ्टची तार पुसली, आकाश दोन छटा गडद केलं, क्षितिज थोडं तिरकं केलं, आणि खालची जमीन सरळ कापून टाकली. कमरेएवढी उडी डोंगरांच्या वर गेली. मी म्हटलं, ही शुद्ध थाप आहे. तो म्हणाला, गेनाऊ, अगदी बरोबर, पण खोटं त्यात काहीच नाही.

इथल्या कॅमेरा क्लबात त्या फोटोला पहिलं बक्षीस मिळालं, तेव्हा त्यानं कराडला आईला पाठवून लिहिलं, ‘आई, माझा फोटो. पहिला आला.’ माझा म्हणजे मी काढलेला. त्याच्या आईनं, शुभदाकाकूंनी वाचलं ते माझा म्हणजे माझा. चेहरा हेल्मेट आणि गॉगलमागे, आणि जॅकेट तो इकडे येताना त्यांनीच घेऊन दिलेलं. दुसऱ्या दिवशी सगळ्या गल्लीला कळलं की मल्हार जर्मनीत उडतो. मल्हार आमच्याकडे बसून पोट धरून हसला. आई इतकी खूष आहे, सांगेन सावकाश, म्हणाला. ते सावकाश काही आलं नाही.

कॉलवर काकूंनी आम्हाला फोटो दाखवला. चंदनाचा हार, खाली समई. त्या म्हणाल्या, जिन्याच्या चार पायऱ्या चढला की धापा टाकत बसायचं माझं पोर, तिकडे जाऊन एवढं उडालं. एवढं तरी सुख त्याला मिळालं. फोन ठेवल्यावर मी शार्दूलवर तडकले की आत्ताच्या आत्ता त्यांना खरं सांग. मी सॉफ्टवेअर लिहून पोट भरते, शकुन-अपशकुन मानत नाही. पण जिवंत नवऱ्याच्या गळ्यातला तो हार डोळ्यांसमोरून हलेना.

शार्दूल म्हणाला, “राहू दे. तो हार माझाच आहे.”

मला वाटलं, आजचं दुःख आहे, उतरेल. उतरलं नाही. तो ऑफिसला जाईना, डॉक्टर एकामागून एक क्रांकश्राइबुंग, आजारपणाच्या रजेच्या चिठ्ठ्या, देत राहिले. बोर्ड खाली केलरमध्ये, तळघरात गेला तो गेलाच. जेवायला बसला की दोन घास खाऊन पानाकडे बघत राहायचा. एकदा मी घरी आले तर हा फोनवर तोच फोटो मोठा करून बसलेला, हारासकट. त्यानं कॉलच्या वेळीच स्क्रीनशॉट घेऊन ठेवला होता. त्या दिवशी मला पहिल्यांदा खरी भीती वाटली. हा माणूस त्या भिंतीवर जाऊन बसलाय, आणि मी त्याला हाका मारतेय.

यंदाच्या जानेवारीत काकूंचा फोन आला. वर्षश्राद्ध जवळ आलं होतं. फोनवरचा फोटो मोठा केला की फाटतो, तर मल्हारच्या लॅपटॉपवरून मूळ फोटो पाठव, चांगला दारभर उंच करून घेते, म्हणाल्या. लॅपटॉप आमच्याकडेच होता. मी हो म्हटलं.

उघडून बसले. त्या एका दिवसाचे चारएकशे फोटो होते. शार्दूल उडताना, शार्दूल आपटताना, शार्दूल बर्फात तोंडावर. मला मल्हारचा एक तरी फोटो हवा होता. हसरा, बावळट, कसाही चालेल. काकूंना देऊन म्हणेन, हा लावा. मी वर्षावर्षांचे फोल्डर उपसले. सगळ्यांचे फोटो होते, माझे तर मला माहीत नसलेले कितीतरी होते. मल्हार कुठेच नव्हता. एका फोटोत बर्फावर त्याची सावली पडली होती, तीही त्यानं दुसऱ्या प्रतीत पुसून टाकली होती. मी टेबलावर डोकं ठेवून रडले. एवढा कसला रे साफसफाईचा सोस, म्हणून त्याला शिव्याही घातल्या.

मग मी काकूंना फोन लावला. शार्दूल स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला, नको नको अशी मान हलवत. मी त्याच्याकडे पाठ केली.

“काकू, त्या फोटोत मल्हार नाहीये. शार्दूल आहे. मल्हारनं काढलाय तो.”

पलीकडे टीव्ही चालू होता, तो बंद झाला. मी भराभर सांगत सुटले, माझा फोटो म्हणजे काय ते, जॅकेट का बदललं ते. काकूंनी मध्ये एकदाही तोडलं नाही. मग फोन कशावर तरी ठेवल्याचा आवाज आला, खुर्ची सरकल्याचा आला. परत आल्या तेव्हा त्यांना धाप लागली होती.

“काढला हार. जित्या माणसाला हार घालून वर्षभर बसलेय मी. तुला आधी सांगता येत नव्हतं?”

मी चुकले, म्हटलं. त्या रागानं बोलत होत्या आणि मला ते बरं वाटत होतं. फोटो मात्र काढणार नाही, म्हणाल्या, त्यानं काढलाय तर तो तिथेच राहील. मला वाटलं, आता रडतील.

“मग तो कुठे होता?”

“खाली, काकू. बर्फात झोपून काढत होता.”

“बराच वेळ?”

“हो. तासभर तरी.”

“जॅकेट तर शार्दूलच्या अंगात आहे,” काकू म्हणाल्या. “मग माझ्या पोराच्या अंगात काय होतं?”

हे मला कधी सुचलंच नव्हतं. मी वळून शार्दूलकडे पाहिलं. फोन स्पीकरवर होता, त्यानं ऐकलं होतं. तो कॉलरशी हात नेऊन पुटपुटला, स्वेटर. माझं जॅकेट त्याला बसेना, तर तोच म्हणाला, राहू दे, पटकन उरकू. आणि तो दारातच खाली बसला.

खरं सांगायला म्हणून मी फोन केला होता.

“शार्दूलचं होतं ना, काकू. काळं. चांगलं जाड, आतून लोकर असलेलं.”

“हो का,” काकू म्हणाल्या. “मग बरं. थंडी अजिबात सोसायची नाही गं त्याला.”