खटका आधी काढा

विद्यापीठातल्या पॉवर इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रयोगशाळेकडे एरवी चिटपाखरू फिरकत नाही. त्या दिवशी मात्र पाय ठेवायला जागा नव्हती. विद्यार्थी टेबलांवर चढले होते, कारकून मंडळी दारात चेंगरली होती, आणि या सगळ्यांच्या मधोमध, कडक इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टातले ऊर्जागुरू एका करड्या डब्यावर तळहात टेकून डोळे मिटून उभे होते. डब्याच्या एका अंगाला भिंतीतल्या सॉकेटची वायर, दुसऱ्या अंगाला दहा मोठे दिवे.

"डब्याविना किती होतं?" गुरूंनी डोळे न उघडता विचारलं.

"नऊ अँपिअर," मीटरपाशी बसलेला विद्यार्थी ओरडला.

"आणि आता?"

"तीन! सर, तीनच!"

दिवे मात्र होते तस्सेच लखलखत होते. टाळ्यांचा कडकडाट झाला. कारखानदारांनी तर हातच जोडले. हे डबे त्यांच्या कारखान्यात बनणार होते आणि त्याबदल्यात विद्यापीठाला ते नवी कोरी प्रयोगशाळा बांधून देणार होते. अट एकच, डब्याला विद्यापीठाचं प्रमाणपत्र हवं.

"उरलेले सहा कुठून आले?" गुरू म्हणाले. "धरतीतून! धरती आई आहे, बाबांनो. आई कधी लेकराला बिल पाठवते का? भूगर्भातल्या क्वांटम स्पंदनांना हा डबा फक्त हाक मारतो." क्वांटम म्हणजे काय, हे विचारायची सोय नव्हती, कारण गुरू लगेच पुन्हा डोळे मिटून घेत.

गर्दीच्या मागे, खिडकीला टेकून, गळतीबाई उभी होती. वीज ठरल्या वाटेने न जाता जमिनीत कशी गळते, यावर तिचं सगळं संशोधन, म्हणून विभागात हे नाव पडलेलं. तिचं लक्ष दिव्यांकडे नव्हतंच. भिंतीवरच्या स्विचबोर्डात एक चौकोनी भोक दिसत होतं आणि आतल्या तारा थेट एकमेकींना जोडलेल्या होत्या. वीज जमिनीत गळू लागली की तत्क्षणी पुरवठा तोडणारा खटका असतो, वायरमन त्याला ईएलसीबी म्हणतात. तो तिथून गायब होता.

"सर, खटका कुणी काढला?" तिने विभागप्रमुखांना विचारलं.

"गुरूंनी. आल्या आल्या म्हणाले, खटका आधी काढा. ते संशयाचं यंत्र आहे म्हणे, त्याने शक्ती अडते."

गळतीबाईला आधी आई आठवली. तिचा दादा याच कारखानदारांकडे मॅनेजर होता आणि पहिला डबा त्याने मोठ्या हौसेने आपल्याच घरी बसवला होता. त्या घरात आई राहत होती. परवाच फोनवर आई म्हणाली होती, "अगं, गुडघे कसे हलके झालेत म्हणून सांगू!" तेव्हा पोरीने नुसतं हसून सोडून दिलं होतं.

ती क्लॅम्प मीटर घेऊन गर्दीत घुसली. चिमट्यासारखं हे मीटर तारेभोवती लावलं की तिच्यातून किती वीज वाहते ते कळतं. "तुम्ही फक्त न्यूट्रल मोजताय, म्हणजे परतीची तार," ती म्हणाली. "आता ही अर्थिंगची मोजा." तिने चिमटा लावला. आकडा आला सहा.

"हे घ्या तुमचे हरवलेले सहा! हा डबा..."

वाक्य पुरं व्हायच्या आत गुरूंनी दोन्ही हात उंचावले. "धन्य! धरतीतून वर येणारी शक्ती मॅडमनी स्वतः मोजून दाखवली!"

आधीपेक्षा दुप्पट टाळ्या पडल्या. ते मीटर किती ते सांगतं, कुठल्या दिशेने ते सांगत नाही, आणि गुरू महाराज याबाबतीत अजिबात अडाणी नव्हते.

"वर येत नाहीये, खाली जातेय!" आवाज चढवून तिने चिमटा आता आत येणाऱ्या फेजच्या तारेला लावला. "नऊ! डबा नव्हता तेव्हा नऊ, डबा आहे तरी नऊ. वीज आपण तेवढीच घेतोय. परत पाठवताना तीन पुढच्या दाराने आणि सहा मागच्या दाराने, अर्थिंगमधून. मीटर बसलंय फक्त पुढच्या दाराशी, त्याला बिचाऱ्याला काय कळणार? आणि धरतीच देतेय म्हणता ना? मग कंपनीची तार कशाला हवी?" तिने फेजची तार काढली. दहाच्या दहा दिवे विझले.

मीटरपाशी बसलेल्या विद्यार्थ्याने कपाळावर हात मारला. तेवढा एकटाच.

"आई झोपलेली असली तर हाक मारून उठवावंच लागतं ना, मॅडम?" गुरू मऊ आवाजात म्हणाले. सगळे खो खो हसले, आणि गुरूंना नव्हे, तिला हसले.

विभागप्रमुखांनी तिला केबिनमध्ये नेऊन दार लोटलं.

"तुमचं बरोबर आहे. मला काय समजत नाही?"

"मग सही करू नका, सर."

"मी खोटं काय लिहितोय? 'न्यूट्रल तारेतील प्रवाह एक तृतीयांश झाल्याचे आढळले.' यातला एक शब्द तरी खोटा आहे का? पोरं जळक्या यंत्रांवर शिकतायत, मॅडम. त्यांचाही विचार करा."

एकही शब्द खोटा नव्हता. ती बघत राहिली आणि सरांनी सही केली.

संध्याकाळी ती नवा खटका घेऊन दादाच्या घरी गेली. तिथेही बोर्डात तसंच भोक. तिने खटका बसवला, डब्याचं बटण दाबलं, आणि खट्! घर अंधारात.

"बघितलंस, दादा? गळती पकडली त्याने."

"तुझा खटकाच खराब आहे, धाकटे. डबा तर तुझ्याच विद्यापीठाने पास केलाय."

ती डबा उखडून घेऊन गेली. कारखान्यात डब्यांना काय तोटा? पुढच्या रविवारी आली तर नवा डबा होता आणि खटका अडगळीत. वीज कंपनीत तक्रार केली, तर तिथल्या साहेबांनी टेबलाच्या काचेखालचं प्रमाणपत्र दाखवलं. खाली तिच्याच विभागाचा शिक्का. तिने हात टेकले.

त्याच्या पुढच्या शनिवारी ती आईकडे मुक्कामाला राहिली. सकाळी उठून मोरीपाशी गेली आणि जागच्या जागी थिजली. आई ओल्या फरशीवर अनवाणी उभी होती आणि पितळी नळ दोन्ही हातांनी घट्ट धरून तिने डोळे मिटले होते.

"आई, सोड तो!"

"ओरडतेस काय? मुंग्या येतात गं, पार खांद्यापर्यंत. गुरू म्हणाले, तीच शक्ती."

"तो शॉक आहे, आई! आपल्या अर्थिंगची तार या पाइपाला बांधलीय. डबा तिच्यात वीज सोडतो, ती नळात चढते आणि तुझ्या अंगातून जमिनीत उतरते. आज नुसत्या मुंग्या येतात. उद्या अर्थिंगची जमीन सुकली, तार सैल झाली, तर तुझा हात नळावरून सुटणारही नाही."

"तुझं शिक्षण मोठं, बाई. पण गुडघा माझा आहे."

गळतीबाईने गाडीतून प्रयोगशाळेतली जाड रबरी चटई आणून फरशीवर अंथरली. "बरं, यावर उभी राहून धर." आईने पोरीचं मन राखायला धरला.

"अगं बाई! गेल्या की मुंग्या!"

"बघ! रबरातून वीज जात नाही, म्हणून वाट बंद झाली. वाट तू होतीस, आई. तुझं अंग."

आईने चटईकडे पाहिलं, नळाकडे पाहिलं. पोरीला वाटलं, आता कळलं. आता ती दादाला हाक मारेल आणि डबा काढायला सांगेल.

आई चटईवरून खाली उतरली. ओल्या फरशीवर दोन्ही पाय नीट टेकून तिने पुन्हा नळ धरला.

"आल्या," ती समाधानाने म्हणाली.

आता गळतीबाई रोज सकाळी घरी फोन लावते. आई फोन उचलेपर्यंत तिचा जीव थाऱ्यावर नसतो. दिवसाला एकदा तो थाऱ्यावर येतो, एवढंच तिच्या हातात उरलंय.

वाचकहो, चमत्कार पारखायला विद्यापीठात जावं लागत नाही. विद्यापीठाचा शिक्का म्हणजे अक्कल नव्हे, हे तर तुम्ही पाहिलंतच. चमत्कार दाखवणारा आधी काय काढायला सांगतो, एवढंच बघा. डॉक्टरची गोळी बंद करा म्हणतो? शंका घेऊ नका म्हणतो? खटका काढा म्हणतो? जे काढायला सांगतो, नेमकं तेच त्याला पकडणार असतं आणि तेच तुम्हाला वाचवणार असतं. आज घरी गेल्यावर बोर्डाकडे एकदा नजर टाका. खटका जागेवर नसेल तर लावून घ्या, आणि तो पडला तर त्याच्यावर चिडू नका. त्याचं म्हणणं आधी ऐकून घ्या.